बरणी परत द्यावी

रविवार, बाजारातून आल्यावर

चि. शिडी हिस,

मायना लिहायला घेतला आणि पहिल्याच ओळीत अडलो. आजवर तुला 'चि. सौ.' लिहीत आलो. कोर्टाचा घटस्फोटाचा कागद आल्यापासून त्यातलं 'सौ.' माझ्या हातून उमटत नाही. 'चि.' मात्र कोर्टाने मागितलेलं नाही, तेव्हा ते ठेवलं आहे. पुढे 'शिडी' लिहिलं, कारण तू सून म्हणून आल्यापासून या घरात तुझं तेच नाव चाललं. वरच्या फळीवरचं काही काढायचं झालं की ही स्वयंपाकघरातून हाक मारायची, "शिडी कुठे गेली?" आणि तू टाचासुद्धा न उचलता डबा काढून द्यायचीस. तू गेल्यापासून हिच्या तोंडून ते नाव मी ऐकलेलं नाही. 'ती' म्हणते. तेही क्वचित.

वर्ष उलटून गेलं. तू लिहिलं नाहीस, मीही नाही. आज लिहायचं कारण मधवाली.

सणाच्या बाजाराला यंदा मी जातो आहे. हिचा गुडघा जरा धरलाय, विशेष काही नाही. पाण्याच्या टाकीमागच्या मैदानातला रविवारचा शेतकरी बाजार मी आयुष्यात कधी पाहिला नव्हता म्हटलंस तरी चालेल. सणाच्या आधीचे रविवार म्हणजे दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसायची. आता दुकानाचं शटर अर्ध्यावरच असतं, ओळखीच्यांच्या पँटींची उंची कमी-जास्त करून देतो तेवढंच. तेव्हा पिशव्या घेऊन निघालो. हिने बजावून सांगितलं होतं, मुरंब्याच्या नाशपात्या बघून आण.

मी बघून आणल्या. सगळ्या एका मापाच्या, एका घाटाच्या, कुठे डाग नाही, कुठे पोक नाही. मी निवडत असताना नाशपातीवाले काका हाताची घडी घालून उभे होते. शेवटी म्हणाले, "साहेब, गणवेश शिवताय का त्यांना?" मी लक्ष दिलं नाही. शेजारी भोपळा घेताना तर मी खिशातली टेपच काढली, कारण आपल्या मोठ्या पातेल्याचं तोंड मला पाठ आहे. भोपळा पातेल्यात फिट्ट बसला, हे नोंदवून ठेवतो. नाशपात्यांतली मात्र हिने एक दाबून पाहिली आणि म्हणाली, "दगड आणलेत." चांगल्या नाशपातीला पोक असतोच, असं तिचं म्हणणं. तू देठाजवळ अंगठ्याने दाबून बघायचीस, हे मला नंतर आठवलं.

तर मधवाली. जाड काचांचा चष्मा, बोटांना मेण लागलेलं. मी सणाचा मध मागितला, तर तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमच्याकडची उंच मुलगी कुठाय?"

"गावाला गेलीये," मी म्हणालो.

"मागच्या सणालाही गावालाच होती."

"मोठं गाव आहे."

"असेल," ती म्हणाली. "पण तुमच्या घरातनं माझी एक बरणी यायचीये. जाड बुडाची, जुन्यातली. तुमच्या बायका माझ्या बरण्यांत मुरंबे भरतात ते माहितीये मला. भरा. पण परत द्या. आधी बरणी, मग मध."

तिच्या प्रत्येक झाकणावर चिठ्ठी चिकटवलेली असते, 'बरणी परत द्यावी', तूही पाहिली असशील. घरी येऊन मी शोधाशोध केली. कुठेच नाही. मग माझ्या ध्यानात आलं की ती तुझ्याकडे आहे. त्या हंगामातली शेवटची, मुरंब्याने भरलेली. जाताना तू घेऊन गेलीस.

राग मुळीच नाही. उलट बरं वाटलं. दोन बॅगा आणि एक छत्री, एवढंच घेऊन गेलीस अशी माझी समजूत होती आणि ती मला रात्री-बेरात्री टोचायची. चला, मुरंबा तरी नेलास.

पण बरणी तेवढी परत हवी. सणाला आलीस तर हातोहात देता येईल. तब्येतीला जप.

— बाबा (हेही कोर्टाने काढलेलं नाही, असं मी धरून चालतो)


पुढचा रविवार, दुपारी, दुकानातून

चि. शिडी,

तुझं उत्तर नाही. पोस्टाचा काय भरवसा, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालतो आहे.

हे कापायच्या टेबलावर बसून लिहितो आहे. घरात लिहिलं तर ही विचारेल, कोणाला लिहिताय. खोटं बोललो तर माझे कान लाल होतात, हे तुला ठाऊक आहे. तरी मागच्या पत्रात तुझ्याशी बोललोच एक. हिचा गुडघा धरलेला नाही. ही स्टुलावरून पडली. घोट्याच्या हाडाला चीर गेली, प्लास्टर घातलंय. डॉक्टर म्हणाले सणापर्यंत पाय टेकायचा नाही. तुला काळजी नको म्हणून लिहिलं नव्हतं. म्हणजे खरं सांगायचं तर, काळजीपोटी तू येऊ नयेस असं वाटलं. आलीस तर यावंसं वाटलं म्हणून यावंस.

स्टुलावर कशाला चढली होतीस, असं मी शंभरदा विचारलं. "जाळी काढत होते," म्हणते. वरच्या फळीवर जाळी कधी नव्हती.

आता ही खुर्चीवर पाय टाकून स्वयंपाकघरात बसते आणि उंटावरून शेळ्या हाकते. मी शेळी. गाजर असं नका चिरू, तसं चिरा. इतकी वर्षं लोकांचे कोट कापले, पण गाजर कापायची अक्कल नाही, हे या वयात कळलं.

आज भेटवस्तूंची खरेदी होती. आपल्या घरचा नियम तू विसरली नसशील: सणाची भेट अशी द्यायची, जी सणासुदीत खाऊन संपेल. दुकानामागच्या दोन खोल्यांत आणखी वस्तू ठेवायच्या कुठे, म्हणून हिनेच लग्नानंतर काढलेला नियम. आमच्या चिरंजिवांसाठी अक्रोड आणि चीजचा तुकडा घेतला. तो येणार आहे. एकटाच. पहिल्यापेक्षा वाळलाय. त्याचं चुकलं हे मी त्याच्या तोंडावर सांगून झालंय, त्यानेही मान खाली घालून ऐकलंय. पण मुलगा आहे, त्याला टाकता येत नाही. आणि तुलाही टाकता येत नाही. यात माझी जी ओढाताण व्हायची ती होऊ दे. ती तुझी काळजी नव्हे.

मग हिच्यासाठी काय घ्यायचं, यावर गाडी अडली. सगळा बाजार दोनदा फिरलो. शेवटी नाशपातीवाल्या काकांनाच म्हटलं, बायकोला काय देऊ, सुचत नाही.

ते म्हणाले, "सुचायचंय काय? दरवर्षी देता तेच द्या."

"काय देतो मी?"

"वाळवलेल्या नाशपातीच्या चकत्या. आमच्याकडच्याच. दालचिनी लावलेल्या. सूनबाई घेऊन जातात ना तुमच्या नावाने. 'आमचे बाबा आईंना देतात,' असं सांगतात."

मी मान डोलावली, जणू मला ठाऊकच होतं. एक पुडा घेतला आणि मैदानाच्या कडेला बाकावर जाऊन बसलो. तू असेपर्यंत ही दरवर्षी सणाच्या सकाळी तो पुडा उघडायची, एक चकती मला द्यायची आणि म्हणायची, "लक्षात ठेवता हो." मी हसायचो. मला वाटायचं, घरात आणलेलं काहीतरी असेल, तू कागदात गुंडाळून ठेवलं असशील. माझ्या नावावर तू माझ्या बायकोचे लाड करत होतीस आणि मला पत्ता नव्हता.

मधवाली आजही मध द्यायला तयार नाही. "गावाहून आली का?" म्हणाली. मी म्हटलं, नाही. तिने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. बरणीचं निमित्त आहे. सणाला तू आमच्या टेबलाशी बसावंस, एवढं मला हवं आहे. तो समोर असेल म्हणून जमत नसेल, तर आदल्या दिवशी ये, चहा घेऊन जा. हिचं मला सांगता येत नाही. तू निघालीस त्या दिवशी ही चुलीकडे तोंड करून बसली होती आणि बाहेर आली नाही, ते तू विसरणार नाहीस आणि मीही नाही. तरी ये. मी दाराशी असेन.

— बाबा


बुधवार, पार्सलसोबत

चि. शिडी,

आज हे पत्र उघड उघड स्वयंपाकघरात बसून लिहितो आहे आणि ही समोर आहे. झालं ते क्रमाने सांगतो, नाहीतर माझं नेहमीप्रमाणे बाहीला गळा जोडणं होईल.

या रविवारी बाजारात परत जाऊन मी मधवालीला खरं सांगून टाकलं. तुझ्या उत्तराची वाट बघून कंटाळलो होतो, आणि सणाचा मध तर हवाच होता. म्हटलं, बाई, ती गावाला नाही. ती आता आमची सून नाही. बरणी तिच्याकडे आहे आणि ती परत येईलसं वाटत नाही. बरणीही, मुलगीही.

तिने चष्मा काढून पदराला पुसला. "सून तुमची होती ती गेली असेल," ती म्हणाली. "गिऱ्हाईक माझं आहे. त्याला कोर्टबिर्ट काही नाही." आणि मधाच्या दोन बरण्या माझ्या पिशवीत घातल्या. एक आमची, एक तुझी. पैसे दोन्हींचे घेतले, ते सोडलं नाही. तुझी बरणी या पार्सलमध्ये आहे. आता तुझ्याकडे तिच्या दोन झाल्या, हे लक्षात ठेव.

घरी आलो. दोन बरण्या टेबलावर ठेवल्या. हिने विचारलं, "दोन कशाला?"

माझे कान लाल झाले असावेत, कारण ती म्हणाली, "दुकानात बसून तिलाच लिहिता ना?"

"हो."

"काय लिहिलंत?"

मी सांगितलं. बरणीबद्दल लिहिलं, ती तू नेलीस, राग नाही, परत आण, हे सगळं. ही प्लास्टरवरचा दोरा उपटत बसली.

मग म्हणाली, "तिने नेली नाही. मी घातली तिच्या बॅगेत. स्वेटरमध्ये गुंडाळून."

मी म्हटलं, "तू तर तिच्याशी एक शब्द बोलली नव्हतीस. बाहेरसुद्धा आली नाहीस."

"कशी येणार?" ती म्हणाली. "मी बाहेर आले असते तर रडले असते. मी रडले असते तर ती थांबली असती. तिचा स्वभाव माहितीये ना तुम्हाला? आणि तिने थांबायचं नव्हतं. इथे थांबून तिचं काय भलं होणार होतं?"

शिडी, मी शिंपी माणूस. आतल्या बाजूची शिवण बघूनच कपड्याची पारख करायची, असं मी हाताखालच्या शिकाऊ पोरांना शिकवत आलो. आणि इतक्या वर्षांच्या बायकोच्या बाबतीत मी बाहेरून बघून मोकळा झालो. माझं पहिलं पत्र येईपर्यंत तुलाही वाटत असेल की बरणी मी ठेवली. मला श्रेय नको. मी त्या वेळी फाटकाशी रिक्षावाल्याशी पैशांवरून भांडत होतो.

मग जाळ्यांचाही उलगडा झाला. ही स्टुलावर चढली होती ती वरच्या फळीवरच्या रिकाम्या बरण्या काढायला. यंदाचा मुरंबा करून त्यातला तुझा वाटा वेगळा भरायचा होता. पाठवायचा कसा, पत्ता कोणाला विचारायचा, ते काही ठरलेलं नव्हतं. "आधी भरून तर ठेवू, असं मनात आलं," म्हणाली. म्हणजे तिने लपून मुरंबा करायचा, मी लपून पत्रं लिहायची, आणि दोघांनी एकाच टेबलावर जेवायचं. दोन खोल्यांच्या घरात इतकी लपवाछपवी कशी मावली, कोण जाणे.

काल मुरंबा केला. पातेल्याशी मी, खुर्चीवर ही. नाशपात्या या वेळी काकांनी निवडून दिल्या, एकीसारखी दुसरी नाही. पाक किती घट्ट झाला ते मला कळेना, तेव्हा मी चमचा हिच्याकडे नेऊन दाखवायचा आणि हिने मान हलवायची. असे मी किती हेलपाटे घातले विचारू नकोस. झालाय मात्र चांगला. कॉफीच्या बाटलीत भरला आहे, कारण फळीवरच्या बरण्या अजून फळीवरच आहेत. आम्ही दोघांनी हात वर करून पाहिलं आणि हसायला लागलो.

ही म्हणते आहे, पार्सलात आणखी काही लिहू नका, मुरंबा आहे तेवढा पुरे. पण मी लिहिणार. सणाला ये, हे मी आता परत म्हणत नाही. आईने जी मेहनत करून तुला जाऊ दिलं, ती मी पत्रं लिहून लिहून वाया घालवू नये. तू तिकडे रुजत असशील तर रुज. फक्त, भांडं रिकामं परत करायचं नाही हा हिचा दुसरा नियम तुला ठाऊक आहे. शेजाऱ्यांच्या वाटीतसुद्धा ती चिमूटभर साखर घालून पाठवते. तेव्हा कॉफीची बाटली पाठवू नकोस. ती फेकून दे. तुझ्यावर कसलं ओझं नको.

— बाबा

(खाली जागा होती म्हणून हिला पेन दिलं. तिने हातात धरलं आणि परत दिलं. म्हणाली, "नीट खा म्हणावं." तर, नीट खा.)


सोमवार, सण होऊन गेल्यावर

चि. शिडी,

तुझं पार्सल सणाच्या आदल्या संध्याकाळी आलं. पोस्टमन खोका हलवून म्हणाला, "आत काचेचं दिसतंय." हिने तो खुर्चीवरूनच त्याच्या हातून असा घेतला, की बिचारा बक्षीस मागायचं विसरला.

उघडू दिला नाही. "सणाची भेट सणाला," म्हणाली. खोका रात्रभर टेबलावर होता आणि आम्ही त्याच्या आजूबाजूने वावरत होतो.

सणाच्या दिवशी दुपारी मुलगा आला. खोक्यावरचं अक्षर त्याने ओळखलं. जरा वेळ तिथेच उभा राहिला.

"तिला लिहिता तुम्ही?"

"लिहितो," मी म्हणालो.

"बरं करता," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

जेवण माझ्या हातचं होतं, तेव्हा त्याबद्दल कमी बोलावं. भोपळ्याचं सूप तेवढं जमलं. हिला मी चकत्यांचा पुडा दिला आणि सांगून टाकलं, की इतकी वर्षं तो तू घेत होतीस. ती म्हणाली, "मला काय कळत नव्हतं? पुड्याच्या दोऱ्याला तुमच्या गाठी अशा असतात का?" पहिली चकती तिने नेहमीसारखी मला दिली. दुसरी बशीत काढून ठेवली. ती कोणासाठी, ते मी विचारलं नाही, त्यानेही नाही.

मग खोका उघडला. ती जाड बुडाची बरणी, तुझ्या स्वेटरमध्ये गुंडाळलेली. हिने स्वेटर आधी बाजूला घेऊन मांडीवर घडी घातला. बरणीत संत्र्याच्या सालींचा मुरंबा. तुझी चिठ्ठी शोधायला मी खोका उलटा केला, आतला चुरगळलेला कागदही उलगडून पाहिला. चिठ्ठी नव्हती. तू येत नाहीस, येणार नाहीस, हे मला तेव्हाच कळलं, आणि खोटं कशाला सांगू, वाईट वाटलं. मी टेबलाशी एक खुर्ची जास्त मांडून ठेवली होती. तिच्यावर मी स्वतःच जाऊन बसलो.

हिने चमचा घातला. तोंडात धरून बसली.

"करपलाय," म्हणाली.

आणि दुसरा चमचा घेतला. मग बरणी त्याच्याकडे सरकवली. त्याने एक चमचा खाल्ला, खाली बघत. मीही खाल्ला. तळाला लागलाय हे खरं आहे, पण कडवटपणा चांगला लागतो, जेवणावर. ही माझ्याकडे वळून म्हणाली, "शिडीला लिहा. सालीचा मुरंबा मोठ्या आचेवर करायचा नसतो. लिहा की मी सांगितलंय."

नाव ऐकलंस ना? मी ऐकलं. त्यानेही ऐकलं. 

मुरंबा तीन दिवसांत संपवला, नियमाप्रमाणे. काल रविवार होता. बाजाराला निघताना मी बरणी धुऊन पिशवीत घालायला घेतली, कारण मधवालीला तिची अखेर परत द्यायची होती. झाकण पुसताना तिची ती चिठ्ठी दिसली. कडा उचकटल्यात, पण छापलेलं वाचता येतं: 'बरणी परत द्यावी.' आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात, तुझ्या निळ्या पेनने, एकच शब्द.

'मला.'

मी झाकण हिच्याकडे नेलं. तिने चष्मा लावून वाचलं, अक्षरावरून बोट फिरवलं, आणि बरणी माझ्या पिशवीतून काढून ओट्यावर ठेवली.

"मधवालीला सांगा, ती बरणी आता यायची नाही," ती म्हणाली. "आणि मुरंब्याला गाजरं घेऊन या, तिची बरणी रिकामी कशी पाठवायची. लवकर जा, चांगली संपतात."

— आई, बाबा